करवतकाठी उजेड

आज सकाळी चौथीच्या वर्गात फळ्यावर ‘भाताचं पीक’ असं लिहिलं, दोन पावलं मागं सरून पाहिलं, तर ‘पीक’ गायब. बोर्डाच्या कोपऱ्यातल्या तारखेकडं बघितलं, तर तारीखच गेली आणि ‘पीक’ मुकाट्यानं परत येऊन बसलं. ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं जागेवर नाही, आणि नजर बाजूला केली की हजर. अशी खोडी काढणारं माझ्या ओळखीत एकच आहे. म्हटलं, आल्या बाईसाहेब.

“बाई, आली का?” पहिल्या बाकावरच्या स्वरा या मुलीनं विचारलं.

“आली.”

खडू ठेवला, खुर्ची ओढली, पाण्याची बाटली जवळ घेतली. खिडकीबाहेर भाताची कापणी चालली होती. वेल्ह्याच्या या शाळेचं कुंपण जिथं संपतं तिथूनच खाचरं सुरू होतात. विळ्यांची खसखस ऐकू येत होती, मध्येच कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं, आणि कापलेल्या इंद्रायणी भाताचा वास थेट वर्गात शिरला होता. दिवाळी सरली की ऊन असं तिरपं होतं, हवा कोरडी होते, दवानं पायवाटा ओल्या असतात, आणि माझ्या डोळ्यांपुढची करवत हमखास वर्दी देते. वर्षाचे बाकीचे महिने ती कधीमधी येते. कापणीच्या दिवसांत मात्र ती माहेरपणाला आल्यासारखी मुक्काम ठोकून असते.

करवत हे मी ठेवलेलं नाव. दुखणं अर्धशिशीचं. डोकं दुखायच्या आधी काही जणांच्या डोळ्यांपुढं उजेडाचा खेळ चालतो, त्याला डॉक्टर ऑरा म्हणतात. माझ्याकडं तो अगदी ठरल्या क्रमानं येतो. आधी नजरेच्या मधोमध एक बारीक जागा पुसली जाते. मग त्या जागेच्या कडेला दात फुटतात. ते दात लखलखतात, थरथरतात, वाकडी कमान करून हळूहळू बाहेर सरकत जातात. माझ्या आईचं एक करवतकाठी लुगडं होतं, त्याच्या काठावर असेच दात विणलेले होते. फक्त तो काठ कुणी विजेवर चालवला तर जसा दिसेल तसं हे दिसतं. डोळे मिटले तरी दिसतं. एक डोळा झाकला तरी दिसतं, दुसरा झाकला तरी दिसतं, म्हणजे भानगड डोळ्यांत नाही, त्यांच्या मागं आहे. वीस-पंचवीस मिनिटांत तो काठ नजरेच्या कडेवरून खाली उतरतो आणि जातो. त्यानंतर डोकं दुखतं. तो भाग सांगण्यासारखा नाही, डोकं सगळ्यांचंच दुखतं.

वर्गातल्या मुलांना आता याची सवय झाली आहे. करवत आली की काय करायचं ते त्यांना पाठ आहे. पण ते कळायला आधी हिर्डोशीला जाऊन यावं लागेल, आणि त्याच्याही आधी भोंगवलीला, आमच्या घरी.

मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. चुलीपाशी बसले होते. आई भाकरी थापत होती. मी तिच्याकडं पाहिलं तर तिचा डावा गाल आणि डोळा नव्हता. बाकीची आई व्यवस्थित भाकरी थापत होती. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला आधी नवल वाटलं. गाल गेला तिथं भोक पडलेलं नव्हतं. तिथं मागच्या भिंतीचा रंग होता, सारवलेल्या भिंतीचाच. मी आईला म्हटलं, “आई, तू अर्धीच दिसतीस.” तिच्या हातातली भाकरी परातीत पडली.

मग मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन दृष्ट काढली गेली. मिरच्या चुलीत टाकेपर्यंत आणि मला ठसका लागेपर्यंत वीस मिनिटं झाली होतीच. आई पुन्हा पूर्ण दिसायला लागली. आमच्या घरात मिरच्यांचा मान त्या दिवसापासून वाढला. आईनं मात्र मला जवळ घेऊन बजावलं, “ह्ये कुनाला सांगायचं न्हाई. पोरीच्या डोळ्यात दोष हाय म्हनत्याल.”

मी नाही सांगितलं. शाळेत नाही, डी.एड.ला नाही, लग्नात नाही, नोकरी लागताना तर नाहीच. फळ्यावरची अक्षरं जिला मधूनच दिसत नाहीत अशी मास्तरीण कोण ठेवून घेईल? डी.एड.च्या वर्षी पुण्यात एका डॉक्टरांना एकटीच जाऊन दाखवलं होतं. त्यांनी नाव सांगितलं, काळजी घ्यायला सांगितली, आणि ते नाव मी घडी घालून ठेवून दिलं.

लपवायचं तर लपवायचं, पण कुतूहलाचं काय करणार? मी पाठाचं टाचण काढायच्या वहीत मागच्या पानांवर माझ्या करवतीची चित्रं काढत असे. किती वाजता आली, कुठल्या बाजूला वळली, किती दात. एकदा आमच्या केंद्रप्रमुखांनी वही तपासताना ती पानं उघडली आणि म्हणाले, “वा, बाई, रांगोळीचा छंद दिसतोय.” मी म्हटलं, “हो सर, लहानपणापासून.” ते खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

हिर्डोशीच्या शाळेवर माझी बदली झाली ती सहा-सात वर्षांपूर्वी. मी भोरमध्ये खोली घेऊन राहायचे. हिर्डोशीला जायला एस.टी. मोजकी, त्यामुळं आमचं सगळं दळणवळण वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी, जीपवर चालायचं. सकाळी नऊला स्टँडबाहेरून रफिकभाईची जीप निघे. रफिकभाई भोरचाच, चाळिशीचा, कमी बोलणारा. गाडी अशी चालवायचा की मागं बसलेल्या बायका निवांत झोपायच्या. वडाप चालवणाऱ्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. पुढच्या सीटवर ठकूबाईची जागा ठरलेली. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, तिथली ही म्हातारी पहाटेच्या एस.टी.नं दूध घेऊन भोरला यायची आणि रिकामे कॅन घेऊन आमच्याबरोबर परत जायची. तिच्या मागं मी.

त्या रस्त्यावर धरणाचं पाणी लागतं. रस्ता त्या पाण्याला वळसे घालत जातो, त्यामुळं सूर्य कधी पाठीशी, कधी कुशीला, तर कधी अचानक पाण्यातून तोंडावर. त्यात रस्त्याकडेची झाडं. ऊन झाडांमधून येताना उघडझाप करत येतं. मी अशा ठिकाणी पदर डोळ्यांवर ओढून घ्यायचे. सगळ्यांना वाटायचं, बाईंना झोप आली.

तो कापणीचा पहिलाच आठवडा होता. एका मोठ्या वळणाच्या अलीकडं रफिकभाईनं गाडी एकदम कडेला घेतली. तिथं जुना मैलाचा दगड आहे, त्यावरचे आकडे कधीच पुसले गेलेत. गाडी बंद करून तो खाली उतरला, दगडाला टेकून बसला, आणि डोळे मिटले. ओठ हलत होते.

“काय झालं, भाई?” कुणीतरी विचारलं.

“काय न्हाई. जरा थांबू.”

आम्ही थांबलो. पाच मिनिटं झाली असतील नसतील, तेवढ्यात वळणावरून पेंढ्यानं भरलेला टेम्पो आला. पेंढा दोन्ही अंगांनी इतका बाहेर आला होता की रस्ता शिल्लकच नव्हता. तो टेम्पो अगदी आमच्या अंगावरून खरवडत गेल्यासारखा गेला, जीपच्या टपावर मूठभर काड्या सांडून. आम्ही त्या वळणात असतो तर? जो तो एकमेकांकडं बघायला लागला. ठकूबाई खाली उतरली, दगडापुढं वाकली, आणि म्हणाली, “ह्यानं वाचिवलं गं बया. भाईला आदीच कळलं.”

मी मात्र टेम्पोकडं बघतच नव्हते. टेम्पो यायच्या आधी रफिकभाईनं काय केलं ते मी पाहिलं होतं. त्यानं डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला, मग हाताची बोटं पसरून डोळ्यांपुढं धरली आणि मोजली. वीस वर्षं मी न्हाणीघरात, स्टाफरूमच्या कोपऱ्यात, लग्नाच्या मांडवामागं जाऊन हेच करत आले होते. जगात आणखी कुणी असं करत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खोटं कशाला बोला, मला आनंद झाला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा तिथं थांबला. मग आणखी एकदा. कापणीचं ऊन आणि ती वळणं, बहुतेक त्याच टप्प्यात त्याला गाठत असणार. पण लोकांना काय ठाऊक? दगडावर हळदीकुंकू दिसायला लागलं. एके दिवशी नारळ फुटला. एका सकाळी दगडाला चुना फासलेला होता. शेवटी असं झालं की करवत असो वा नसो, रफिकभाईला रोजच त्या दगडापाशी गाडी थांबवावी लागायची. लोक उतरायचे, हात जोडायचे, रफिकभाई बिचारा बाजूला उभा राहून टायरांकडं बघायचा. त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला जाई. स्टँडवर दुसऱ्या जीप रिकाम्या उभ्या असायच्या आणि आमच्या जीपला टपावर माणसं. भाईच्या गाडीला वाट कळते, असं वरच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचलं होतं.

मला गंमत वाटत होती आणि धास्तीही. माझ्या डोळ्यांना जी खोड आहे तीच मला त्या गर्दीत दिसत होती. नजरेतला तुकडा गेला की मन तिथं भोक ठेवत नाही. आजूबाजूला जे असेल ते घेऊन लिंपून टाकतं. आईच्या गालाच्या जागी भिंत. इथं रफिकभाई बोलला नव्हता, तेवढी जागा रिकामी होती, आणि लोकांनी ती आपल्याजवळच्या देवानं लिंपली. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. माझ्या आईनं मिरच्यांनी लिंपली होती.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर परतीच्या जीपमध्ये मी एकटीच होते. रफिकभाई प्रवासी भरायची वाट बघत शाळेसमोर उभा होता. मी सरळ विचारलं, “भाई, ते दात असलेलं दिसतं का तुम्हाला? लखलखणारं?”

तो इकडंतिकडं पाहून म्हणाला, “तुमाला कुनी सांगितलं?”

मी टाचणवही उघडून मागची पानं त्याच्यापुढं धरली. त्यानं बोट ठेवून ठेवून एकेक चित्र पाहिलं. एवढ्या लक्षपूर्वक माझी वही कुठल्या साहेबानं तपासली नव्हती. मग त्यानं खाली वाकून काडी उचलली आणि धुळीत रेघ काढली. “माजं असं न्हाई. माजं हिकडं वळतंय, उजवीकडं. आन तुमच्यात रंग न्हाई दिसत. माज्यात कडंला पिवळं येतंय, मोहरीच्या फुलावानी.”

“माझं काळं-पांढरंच. पण खालचा दात शेवटी जातो ना?”

“व्हय व्हय! त्योच लई वेळ घेतो!”

आम्ही दोघं रस्त्यात उकिडवे बसून धुळीत दात काढत होतो. कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. मला मात्र माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. मग मी विचारलं, “आणि डोळे मिटून तुम्ही पुटपुटता ते? दुआ मागता?”

तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. म्हणाला, “थांबे म्हनतो, मॅडम. स्टँडपासनं हिर्डोशीपतूरचे. माज्या वालिदांचं असंच झालं हुतं. एक दिवस म्हनले, दिसंना. आन संध्याकाळी जीभ वळंना, हात उचलंना. तवापासनं भ्या वाटतं. समदे थांबे वळीनं आले, की समजायचं, डोस्कं अजून जाग्यावर हाय.”

लोक ज्याला मंत्र समजून हात जोडत होते तो असा होता. मी म्हटलं, मला जे आहे ते अर्धशिशीचं आहे, तुमचंही तसंच असेल, पण मी मास्तरीण आहे, डॉक्टर नाही. तुमच्या वडिलांचं तसं झालं होतं म्हणता, मग तर दाखवलंच पाहिजे. आणि तोवर ते आलं की गाडी थांबलीच पाहिजे.

“थांबतोच की. पन डॉक्टरनं गाडी चालवू नगं म्हनून लिवून दिलं तर? मला दुसरं काय येतंय? आन ह्या लोकांना सांगू तरी काय, की तुमचा द्येव म्हंजी माजं डोस्कं हाय?” मग एकदम हळू आवाजात, “तुमी कुनाला बोलू नका, मॅडम. हंगाम सरू द्या.”

मी वचन दिलं. गुपित सांभाळायची मला सवयच होती.

हंगाम सरायच्या आधीच ती सकाळ आली. आभाळ भरून आलं होतं. कापलेलं भात जागोजाग शेतात पसरलेलं, आणि ते भिजण्याच्या भीतीनं गावाकडं निघालेल्यांची गर्दी. किसनतात्या म्हणून हिर्डोशीचे एक शेतकरी होते, ते माझ्या शेजारी बसले होते. त्यांचं निम्मं भात आडवं पडलं होतं. ते दर दोन मिनिटांनी मान बाहेर काढून वर बघत होते. दगडापाशी गाडी थांबली, घाईघाईनं हात जोडून झाले, पुढं निघालो. ढगांच्या फटीतून एकदम ऊन पडलं आणि खालचं सगळं पाणी पेटल्यासारखं चकाकलं. मी पदर ओढला. दगड मागं जाऊन बरंच अंतर झालं होतं. गाडी हळू झाली.

“काय झालं, भाई?” तात्यांनी विचारलं.

“जरा पाच-दहा मिनटं थांबू.”

“हितं? जागा तर मागं गेली की! आत्ता पाया पडून आलो. आता कशाला भ्यायचं? चला, चला, माजं भात भिजंल.”

“व्हय भाई, काय होत न्हाई, द्येव हाय पाठीशी,” मागून दोघी-तिघी म्हणाल्या.

लोकांना वाटत होतं की थांबण्याची गरज त्या जागेला आहे. थांबणाऱ्याला गरज असेल हे कुणाच्या ध्यानीही नव्हतं. रफिकभाईनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मग गिअर टाकला. गाडी पुढं निघाली. डाव्या हाताला खोल पाणी, उजव्या हाताला कातळ, आणि मला दिसलं, त्यानं एक हात स्टिअरिंगवरून काढून बोटं डोळ्यांपुढं धरली होती. मोजत होता.

“थांबवा गाडी!” मी ओरडले. वर्गात ओरडते तशी. गाडी जागच्या जागी थांबली.

“बाई, तुमाला काय झालं?” तात्या चिडले होते.

वचन दिलेलं होतं, त्याचं नाव घ्यायचं नव्हतं. मग सांगण्यासारखं एकच उरलं होतं. आईनं चुलीपाशी बजावल्यापासून जे एक डॉक्टर आणि रफिकभाई सोडून कुणापुढं काढलं नव्हतं ते मी अठरा माणसांपुढं काढलं. “मला एक दुखणं आहे,” मी म्हटलं. “अधूनमधून माझ्या डोळ्यांपुढं लखलखती करवत येते. समोरचा रस्ता असला तर रस्त्याचा तुकडा दिसत नाही. माणूस असला तर माणूस दिसत नाही. वीस-पंचवीस मिनिटं. तेवढा वेळ मी फळ्यावरसुद्धा लिहू शकत नाही. गाडी तर कुणीच चालवू नये.” त्या जीपमध्ये माझ्या वर्गातल्या तीन मुलांच्या आया होत्या.

बाईंच्या दुखण्याचा आणि गाडीचा काय संबंध, असं प्रत्येकाच्या तोंडावर होतं. मग पुढून, मान न वळवता, रफिकभाई म्हणाला, “मला बी त्येच हाय. आत्ता बी हाय. तात्या, तुमी मागनं बोलताय ते ऐकू येतंय, पन आरशात तुमी न्हाई.”

“आन त्यो दगड?” कुणीतरी विचारलं.

“दगडाचं मला काय म्हाईत न्हाई. म्या डोळं मिटून थांबे म्हनायचो, डोस्कं जाग्यावर हाय का बगाया.”

किसनतात्या उतरले आणि चालायला लागले. त्यांच्यामागं आणखी चार-पाच जण गेले. पाऊस आला, फार नाही, पण तात्यांचं भात भिजायचं तेवढं भिजलं. तात्या पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

रफिकभाई चार दिवस दिसला नाही. पुण्याला गेला होता. मी दुसऱ्या जीपनं जात राहिले, माझ्याबद्दल गावात काय बोलणं चाललं असेल याचा अंदाज करत. शाळेत एका मुलीनं विचारलं, “बाई, तुम्हाला मी आत्ता दिसते का?” मी म्हटलं, “दिसतेस, आणि गृहपाठ केलेला नाही तेही दिसतं.”

पाचव्या दिवशी स्टँडबाहेर त्याची जीप उभी होती. रिकामी. तो दाराशी उभा होता, डोळ्यांवर नवा काळा चष्मा. दहा-बारा पावलांवर माणसांचा घोळका, दुसऱ्या जीपजवळ. तो तिथं गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “डॉक्टरनं समदं तपासलं. लकवा न्हाई, अर्धशिशी हाय. उपाशी गाडी चालवू नगं म्हनले, ऊन टाळ म्हनले. आन ते आलं की जितं आसंल तितं गाडी हुबी करायची, पार जाईपतूर हलायचं न्हाई. म्या आता तसंच करनार. तुमाला उशीर होईल. ज्येला चालंल त्येनं बसावं.”

मी जाऊन बसले. पण मी मोजण्यात नव्हते. मी तर त्याच्याच जातकुळीची. मागं बघायचं धाडस होईना. गाडीत मी एकटी. या माणसाला दुसरं काही येत नाही, हे मला त्या दोन-तीन मिनिटांत जेवढं कळलं तेवढं आधी कळलं नव्हतं. आणि हेही, की तोंड मी उघडलं होतं.

मग कॅनचा आवाज आला. ठकूबाई दोन्ही कॅन खडखडवत आली, आपल्या नेहमीच्या जागेवर चढली, पदर सावरला, आणि म्हणाली, “भाई, एक इचारू? थांबे म्हनताना एखांदा इसारला, तर तुला कळनार कसं, की इसारला?”

रफिकभाईनं चष्मा काढून हातात घेतला.

“मंग? आता करवत आली की आमाला सांगायचं. तू म्हन, आमी ऐकतो. चुकलास तर धरतो. त्यात काय येवढं.” मग बाहेर तोंड काढून घोळक्याला, “चला की गं बायांनो! आन जाताना दगडाला पानी घालू. त्येनं काय वाईट केलंय?”

हळूहळू गाडी भरली. टपावर कुणी नव्हतं, पण भरली.

त्यानंतर आठवड्याभरात त्याची करवत आली. आंब्याच्या उतारावर, भर रस्त्यात. रफिकभाईनं गाडी कडेला घेतली, किल्ली काढून ठकूबाईच्या हातात दिली, आणि डोळे मिटून म्हणायला लागला. स्टँड. पूल. गिरणी. वडाचा फाटा. पहिल्यांदा तो एकटाच म्हणत होता. पाण्याच्या टाकीपाशी ठकूबाईनं सूर धरला. धरणाच्या भिंतीपर्यंत मागच्या बायका आल्या. धनगरवाड्याची पायवाट. मोठं वळण. आंब्याचा उतार. तेवढ्यात मागून एक घोगरा आवाज आला, “दगड ऱ्हायला. वळनाच्या आदी दगड.” ते किसनतात्या होते. रफिकभाईनं डोळे मिटलेलेच होते, पण मान हलवली, आणि आम्ही सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आज वेल्ह्याच्या वर्गात मी खुर्चीवर डोळे मिटून बसले तेव्हा काठ नुकता वळायला लागला होता. बाहेर विळे चालू होते. मी सुरुवात केली, “स्टँड.” मागोमाग चौथीचा अख्खा वर्ग, “पूल! गिरणी! वडाचा फाटा!” खिडकीतून कापणी करणाऱ्या बायकांचं हसणं ऐकू आलं, त्यांनाही आता हे नवं राहिलेलं नाही. यातल्या एकाही मुलानं तो रस्ता पाहिलेला नाही. स्वरानं एकदा विचारलं होतं, “बाई, दगड हा पण थांबा असतो का?” मी म्हटलं होतं, असतो.

शेवटचा दात सावकाश खाली उतरला. मी डोळे उघडले. फळ्यावर ‘भाताचं पीक’ होतं, तारीख होती, आणि समोर बावीस मुलं पूर्णच्या पूर्ण दिसत होती, तोंड उघडं ठेवून, ‘हिर्डोशी’ म्हणता म्हणता थांबलेली.